बंबाची वापसी

तो बंब आमचा होता. वाक्य साधं आहे. मी सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, मराठी शिकवतो, पहिलीच्या पोरांनाही याहून सोपं वाक्य घालत नाही. पण गेल्या हिवाळ्यात हेच वाक्य मी सरहद्दीच्या नाक्यावर म्हटलं, कचेरीत म्हटलं, अर्जनविसाकडून उर्दूत लिहवून घेतलं, त्यावर स्टांप डकवला, साक्षीदाराच्या तोंडून वदवलं. शेवटी अशी वेळ आली की बंबाकडे बघून मलाच शंका यायची, बाबा रे, तू खरंच आमचा का?

झालं असं की माझे मेहुणे अच्युतराव सोलापुरात असतात, त्यांच्या मुलीचं मार्गशीर्षात लग्न निघालं. त्यांच्या घरचा पाणी तापवायचा बंब गळका. पाहुणे भरपूर आणि थंडी कडाक्याची. त्यांनी बहिणीला लिहिलं की अक्का, येताना तुमचा मोठा बंब घेऊन या. आमच्या अन्नपूर्णेला भावाचा शब्द म्हणजे काय हे मी वेगळं सांगत नाही. कल्याणीहून मोटार सुटली तेव्हा टपावर आमची एक वळकटी होती आणि तिच्या शेजारी तो बंब, धुराड्यासकट, सगळ्या प्रवाशांच्या वर बसला होता.

आता कल्याणी निजाम सरकारच्या मुलखात आणि सोलापूर इंग्रजांच्या. माणसं इकडच्या मुली तिकडे देतात, तिकडच्या इकडे करतात, त्यांना सरहद्द आडवी येत नाही. भांड्यांना येते. पलीकडून अलीकडे नवी वस्तू आणली की नाक्यावर तिची जकात भरायची, तिला आमच्याकडे करोडगिरी म्हणतात. वस्तू जुनी, घरातली असली तर माफ. जाताना नाकेदारानं बंबाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या वेळी त्याच्याकडून एक चिठ्ठी लिहून घ्यायला हवी होती, असं पुढे मला पुष्कळांनी सांगितलं. जाताना मात्र मोटारीत बसलेल्या कुणीही हे सांगितलं नव्हतं.

लग्न झकास झालं. आणि अच्युतरावांच्या बायकोनं, कृतज्ञता म्हणून, आमचा घात केला. तिनं बंब तांबटाकडे पाठवून चिंचेनं घासून घेतला, उजळून घेतला, तोटी नवी बसवली. झाकण लग्नाच्या गर्दीत हरवलं होतं, तेही नवं करून दिलं. टपावरचा तो बंब परतीच्या वाटेवर उन्हात असा चमकत होता की नाकेदारानं मोटार थांबायच्या आधीच हात वर केला.

‘‘नवा है,’’ तो म्हणाला.

‘‘तो बंब आमचा आहे,’’ मी म्हणालो. हे पहिल्यांदा.

मी त्याला कृतज्ञतेची सगळी हकीगत सांगितली. चिंच सांगितली, तोटी सांगितली. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि करोडगिरीचा आकडा सांगितला. मी तत्त्वाचा प्रश्न काढला. तत्त्वाच्या प्रश्नाला मोटारीत कधीही पाठिंबा मिळत नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, ‘‘मास्तर, भरा की. कामून आमाला उनात वाळवायलाव?’’ नाकेदारही तसा वाईट नव्हता. म्हणाला, मास्तर, आज भरा. बंब तुमचाच असल्याचं कल्याणीच्या कचेरीत शाबित करा आणि वापसी घ्या. सरकार घेतं तसं परतही देतं.

माझ्या खिशात तेवढे पैसे नव्हते. अन्नपूर्णेनं कनवटीची गाठ सोडली आणि कलदार, म्हणजे इंग्रजी, रुपये काढून दिले. ते तिच्या भावानं निघताना तिच्या हातावर ठेवले होते. तिच्या नथीतला एक मोती दोन वर्षांपूर्वी पडला, तो बसवून घे म्हणून. मी सगळ्या मोटारीसमोर म्हणालो, ‘‘हे पैसे सरकारकडून परत आणून तुझ्या हातावर ठेवीन, तरच नावाचा बंडोपंत.’’ मोटारीत दोघे-तिघे हसले. ती हसली नाही, तिनं मान हलवली. तेच मला जास्त लागलं.

कल्याणीत परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी कामाला लागलो. म्हणजे आधी सल्ला घ्यायला लागलो. खरं तर घ्यायला लागलो असंही नाही, तो आपण होऊन आला. आमच्या शेजारी आप्पाराव राहतो. मूळचा मुडबीचा, शेती तिकडे आणि धान्याचं दुकान इकडे. त्याची बायको सोजराबाई आणि आमचं घर यांच्यामध्ये एक भिंत आहे, पण ती फक्त दिसायला.

‘‘सोडा की हो मास्तर,’’ आप्पाराव म्हणाला. ‘‘सरकारच्या पोटात गेलेलं कुणाचं बाहेर आलंय? आन् आलंच तर संगट तुमचंच कायतरी घिऊन जाईल.’’

मी त्याला म्हणालो की हा विचार अडाणीपणाचा आहे. हक्काचा पैसा मागणाऱ्याला कशाची भीती? हे बोलताना माझा आवाज चांगला खणखणीत होता, गल्लीत दोन-तीन दारं उघडली.

बंब मुळात कल्याणीतलाच. अमृतप्पा तांबटानं तो घडवला होता. अन्नपूर्णेच्या आईनं, लेकीच्या बाळंतपणाला आल्या तेव्हा, त्याच्याकडून करून घेतला होता. तेव्हा मी प्रथम अमृतप्पाकडे गेलो आणि म्हणालो, चल कचेरीत आणि हा बंब तू केलास एवढं सांग. त्यानं हातोडी खाली ठेवली.

‘‘मास्तर, बंब माझ्याच हातचा. पन कचेरीत म्हननार न्हाई.’’

‘‘का रे?’’

‘‘साहेब म्हनतील, असले अजून किती केलास? मग मी काय सांगू? न्हाई केलं म्हनलं तर तांबटानं एकच बंब केला हे कोन मानंल, तुमचाबी खोटा ठरंल, व्हय म्हनलं तर माझ्यावर पट्टी बसायची.’’

मी त्याच्या नागरिक कर्तव्याबद्दल चार शब्द बोललो. तो पुन्हा ठोकायला लागला, त्यामुळे ते त्याला ऐकू गेले नसावेत.

मग अर्जनवीस. कचेरीच्या आवारात लिंबाखाली सिद्धलिंगप्पा बसतात. सगळ्या तालुक्याच्या तक्रारी त्यांच्या लेखणीतून जातात आणि ते ओळीवर पैसे घेतात, त्यामुळे त्यांची उर्दू फार फुलोऱ्याची आहे. माझी दरख्वास्त त्यांनी मला वाचून दाखवली. पहिल्या पानभर हुजूरांच्या न्यायबुद्धीची स्तुती होती, पुढे माझी दीन अवस्था होती. बंब शेवटच्या ओळीत आला. मी म्हणालो, अप्पा, बंब जरा आधी घेता येणार नाही का? ते म्हणाले, ‘‘मास्तर, तुम्ही मराठी शिकवताव, आम्ही तुम्हाला शिकवायलोत का?’’ मी स्टांप घेतला.

सिद्धलिंगप्पांनीच साक्षीदाराचं काढलं. त्यांचं म्हणणं, बंबाचा साक्षीदार म्हणजे ज्यानं त्या बंबाच्या पाण्यानं आंघोळ केली आहे असा परका इसम. असा इसम मिळवणं किती अवघड आहे हे अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. लोक आपल्या घरी जेवतात, झोपतात, पैसे उसने नेतात, पण आंघोळ आपापल्या घरी करतात. शेवटी आठवलं की एका रंगपंचमीला सोजराबाईनं रंगलेल्या आप्पारावाला घरात घेतलं नव्हतं आणि तो आमच्या न्हाणीत अंग धुऊन गेला होता. मी त्याची मनधरणी केली. तो आला. कारकुनासमोर उभा राहिला, बंब ओळखतो म्हणाला, त्याच्या पाण्यानं आंघोळ केली म्हणाला. इथं थांबायला हरकत नव्हती. पण तो प्रामाणिक माणूस, पुढं म्हणाला, ‘‘पानी मातर कोमट हुतं.’’

कारकुनानं ‘कोमट’ लिहून घेतलं. आठ दिवसांनी कचेरीकडून विचारणा आली की, साक्षीदाराच्या म्हणण्यावरून सदर वस्तू पाणी तापवण्याची आहे किंवा कसे याबद्दल संदेह असल्यामुळे सदर वस्तू समक्ष हजर करावी.

बंब हमालाच्या डोक्यावरून कचेरीत गेला. मी मागून, कोट घालून. गल्लीतल्या बायका दारात उभ्या होत्या. घरातून बंब निघताना पाहिला की लोकांच्या मनात नाही नाही ते येतं. कचेरीत चपराशानं तो व्हरांड्याच्या कोपऱ्यात ठेवून घेतला. त्याच्या चार पायांतला एक पहिल्यापासून आखूड, त्यामुळे तो डुगडुगत होता. चपराशानं त्याखाली जुन्या कागदांची घडी घातली. म्हणाला, पाहणी होईस्तोवर राहू द्या.

पाहणी काही लवकर होईना. थंडी वाढत चालली. मी एक दिवसाआड मदरसा सुटला की कचेरीत जायचो. चौथ्या की पाचव्या खेपेला पाहिलं तर बंबातून धूर निघत होता. चपराशी म्हणाला, वस्तू पाणी तापवते का, हे तपासायला नको? त्यानंतर ती तपासणी रोज होऊ लागली. कारकून मंडळी नमाजाआधी ऊन पाण्यानं हातपाय धुऊ लागली. एक जण मला म्हणालाही, ‘‘मास्तर, बहोत अच्छी चीज है.’’ इकडे आमच्या घरी अन्नपूर्णा चुलीवर पातेल्यात पाणी तापवून न्हाणीत नेत होती. पातेलं उचलताना तिच्या पाठीत कळ यायची, ती भिंतीला हात टेकून क्षणभर उभी राहायची. ते बघून मी आणखी चिडायचो आणि कचेरीच्या फेऱ्या आणखी वाढवायचो. घरात माझं बूड टेकत नव्हतं. जेवताना उठायचो, फळ्यावर लिहिता लिहिता थांबायचो. एकदा वर्गात ‘तो बंब आमचा होता’ याचं व्याकरण चालवायला सांगितलं, तेव्हा पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

शेवटी कचेरीच्या मुख्य अधिकाऱ्यांनी, अमीनसाहेबांनी, मला आत बोलावलं. दस्तगीरसाहेब बिदरकडचे. पांढरी दाढी, बोलणं मऊ. करोडगिरीचे अमीन म्हणजे कल्याणीत मोठं प्रस्थ, पण त्यांनी मला खुर्ची दिली. आतापर्यंतच्या सगळ्या प्रकरणात मला मिळालेली ती पहिली खुर्ची.

‘‘मास्तर, आपके लोगां में बर्तन पे नाम डालते ना? इसपे नाम किधर है?’’

मी सांगितलं की नाव झाकणावर होतं आणि झाकण सोलापुरात हरवलं. ते हसले. म्हणाले, असंच होतं मास्तर, जे हरवतं त्याच्यावरच नाव असतं. यात टोमणा होता, आणि तो मला झोंबला. मी उभा राहिलो.

‘‘साहेब, आमच्या घरात बिननावाची वाटीसुद्धा नाही. घरी या. एकेक भांडं डोळ्यांनी पाहा. मी स्वतः वाचून दाखवतो. मग बोला, नाव न घालता बंब आम्ही ठेवू का.’’

साहेब म्हणाले, बुलाते तो आता हूं.

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा अन्नपूर्णा तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

‘‘भांडी कशाला दाखवायलात?’’ ती म्हणाली. ‘‘न्हाणीत न्या त्यांना. बंबाच्या तीन पायांचे शहाबादी फरशीत कसे खळगे पडलेत ते दाखवा. चौथ्या, आखूड पायाखालची ती कपची अजून तिथंच पडलीय. बंब आणून तिथं ठेवला की झालं. मागच्या दारानं यावं, मागच्या दारानं जावं.’’

मी हसलो. म्हणालो, सरकारी कामात कपच्या चालत नाहीत, लेखी लागतं. मग तिनं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, ‘‘निदान पुढच्या फळीवरचीच दाखवा. माजघरातली नको.’’ मला वाटलं, तिला भांडी घासलेली नाहीत म्हणून लाज वाटते. म्हणून मी निंगप्पाला, मदरशाच्या चपराशाला, बोलावून माजघरातलीसुद्धा सगळी भांडी घासून, पुसून, ओसरीवर मांडून घेतली.

दस्तगीरसाहेब जुम्म्याच्या सुट्टीत आले. बरोबर एक मोहरीर, म्हणजे लिहून घेणारा कारकून. मागून एक चपराशी आणि हमालाच्या डोक्यावर बंब. मी चहा दिला आणि सुरुवात केली. एवढे श्रोते मला वर्गातही मिळत नाहीत. कळशी उचलली, उजेडाकडे धरली आणि स्वच्छ आवाजात वाचलं:

‘‘चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी अन्नपूर्णा हिस मातोश्रींकडून. सोलापूर.’’

साहेबांनी मान डोलावली. मोहरीर लिहू लागला. लिहून घेतायत हे पाहून मला बरं वाटलं, प्रकरणाला वजन येत होतं. मी परात घेतली. मामांकडून, सोलापूर. घंगाळ घेतलं. काकांकडून, सोलापूर. आतून बांगड्या वाजल्या. मी म्हणालो, चहा झालाय, अजून नको. मोठं पातेलं, आत्याबाईंकडून डोहाळजेवणाप्रीत्यर्थ, सोलापूर. पुन्हा बांगड्या, या वेळी जोरात. मी साहेबांना म्हणालो, ‘‘घरात सुपारी काढायलात वाटतं.’’ पिंप, भाऊ अच्युत याजकडून, सोलापूर. समई, मावशीकडून. इथं गावाचं नाव पुसट झालं होतं. ते मी डोळ्याजवळ धरून, बोट फिरवून, अक्षर लावलं आणि अभिमानानं सांगितलं, ‘‘सोलापूर.’’

ओसरीवरची रांग संपली. साहेबांनी दाढीवरून हात फिरवला.

‘‘मास्तर, एक पूछूं? आपका नाम किसी बर्तन पे नहीं?’’

हा प्रश्न अनपेक्षित होता. मी म्हणालो, आमच्या घरची भांडी वाटणीत थोरल्या भावाकडे मेहकरला राहिली. आणि नवऱ्यानं बायकोला भांडं द्यायची आमच्यात तशी पद्धत नाही. आतल्या बांगड्या एकदम गप्प झाल्या. मी उगीच परात सरळ केली.

‘‘हौ, हौ,’’ साहेब म्हणाले. मग तितक्याच मऊपणानं, ‘‘और ये सोलापूर... अपना सोलापूर? सरहद के पार का?’’

दुसरं सोलापूर मला माहीत नव्हतं.

‘‘तो इनकी करोडगिरी किधर भरी?’’

मी मोहरीरच्या कागदाकडे पाहिलं. सगळी यादी तिथं होती, माझ्याच उच्चारात. मी भांड्यांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. दारात अन्नपूर्णा पदर सावरून उभी होती. कशी आली ही भांडी हे मला खरोखर माहीत नव्हतं, आणि ते मी पुढे तिलाच विचारलं. माहेराहून परत येताना दरवेळी तिची आई एकेक भांडं शेंगाचटणीनं नाहीतर बेसनाच्या लाडवांनी भरून, कधी आत समईही दडवून, वर फडकं बांधून देत असे. नाकेदार फडकं सोडायचा, एक लाडू घ्यायचा आणि जाऊ द्यायचा. इतकी वर्षं मी त्या भांड्यांतले लाडू खाल्ले आणि त्या भांड्यांतलंच जेवलो. ते कुठून आले हे मला लाडवांबाबतच ठाऊक होतं.

साहेबांना मात्र तिनं सरळ सांगितलं. ‘‘साहेब, ही माझ्या माहेरची. करोडगिरीचं ह्यांना ठाऊक नव्हतं, मला ठाऊक होतं. पण बंब आमचा आहे. न्हाणीत चला.’’

सगळे न्हाणीत गेले. हमालानं बंब फरशीवर ठेवला. तीन पाय फरशीतल्या तीन खळग्यांत जाऊन बसले, चौथ्या आखूड पायाखाली तिनं कपची सरकवली आणि बंब डुगडुगायचा थांबला. साहेबांनी वाकून पाहिलं, धुराड्याच्या वर भिंतीवर पडलेला काळा पट्टा पाहिला. कागदांची घडी घालूनही कचेरीत चाललेलं त्याचं डुगडुगणं तेही महिनाभर बघत होते.

‘‘बंब इनकाच,’’ ते मोहरीरला म्हणाले. ‘‘वापसी मंजूर. बर्तनों का हिसाब अलग लिखो.’’

हे सगळं होईपर्यंत भिंतीपलीकडे सोजराबाईनं आपलं काम केलं होतं. सोलापुरात सोयरे नाहीत असं आमच्या गल्लीत एक घर नाही, आणि नाव न घालता भांडं ठेवणारंही एक घर नाही. ‘सोलापूर’ हे तिसऱ्यांदा माझ्या तोंडून ऐकल्यावर ती मागच्या दारानं निघाली आणि घरोघर गेली. साहेब पायऱ्या उतरले तेव्हा गल्लीत चिटपाखरू नव्हतं. चपराशाला तहान लागली म्हणून त्यानं कोपऱ्यावरच्या आडात पोहरा सोडला. तो पाण्यात पडल्याचा आवाज आला नाही, खणकन आवाज आला. वर ओढला तर पोहऱ्यात एक तांब्याची घागर अडकून आली. साहेब आडाशी गेले, आत डोकावले. मीही डोकावलो. गल्लीतली सगळी भांडी पाण्याच्या जरा खाली लखलखत होती. घाईत कुणी हंड्यात हंडा घातला होता, कुणी दोरी बांधायलाही विसरलं होतं.

सोजराबाई दाराच्या फटीतून बघत होती. मला वाटलं, आता सगळ्यांचं होणार ते आपलं होईल, आणि खोटं कशाला सांगू, थोडा धीर आला.

साहेबांनी घागर काळजीपूर्वक परत आत सोडायला सांगितलं. ‘‘मास्तर, मैं बुलाए बगैर किसी के घर नहीं जाता. कुएं ने मुझे बुलाया नहीं.’’ आणि ते छत्री उघडून निघून गेले.

त्यानंतर काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण लांबण लावली की मला अजून घाम येतो. वापसी मंजूर झाली. भांड्यांची करोडगिरीही ठरली, ती वापसीच्या कितीतरी पट होती. मी कचेरीत गेलो आणि म्हणालो, साहेब, वापसी त्यात वळती करा, उरलेली मी भरतो. कारकुनाला माझी कीव आली. म्हणाला, मास्तर, वापसीचं खातं निराळं आणि वसुलीचं निराळं, दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. सिद्धलिंगप्पा म्हणाले, यावर फार सुंदर दरख्वास्त करता येईल. मी त्यांना नमस्कार केला. वसुली दरमहा माझ्या तनख्यातून कापायचं ठरलं, आणि कापायला त्यांना उशीर लागला नाही.

गल्लीत माझ्याशी कुणी बोलेना. आडातून गळ टाकून भांडी काढली, तर ती अशी मिसळली होती की कुणाची कुठली यावरून बायकांची जुंपली. शेवटी आप्पाराव आला, दारात उभा राहून म्हणाला, ‘‘चला मास्तर, आता नावं वाचा. तुमालाच जमतंय ते.’’ मी आडाच्या काठावर बसलो आणि वाचली. या खेपेला गावाचं नाव न वाचता.

मला या सगळ्यात एकच गोष्ट खात होती. कापल्या तनख्याचं दुःख होतंच, पण त्याहून साहेबांचा तो प्रश्न. भांडं पाहिलं की तो आठवायचा, आणि घरात जिकडे बघावं तिकडे भांडं. मातोश्री, मामा, काका, मावशी, सगळे माझ्या घरात फळ्यांवर बसले होते आणि मी तेवढा कुठंच नव्हतो.

वापसी होळीच्या सुमारास आली. भरले होते कलदार, मिळाले हाली, म्हणजे सरहद्दीच्या अलीकडचे, वजनाला कमी. पण आली. मी घरी आलो, चपला काढल्या आणि पैसे अन्नपूर्णेच्या हातावर ठेवले. ‘‘थोडे कमी भरतील,’’ मी म्हणालो. ‘‘पण मोती येईल.’’

तिनं मूठ मिटली. हसली, बऱ्याच दिवसांनी. दुसऱ्या दिवशी मी मदरशातून आलो तेव्हा ती न्हाणीतून हात पुसत बाहेर येत होती. नथीतली जागा रिकामीच होती. मी काही विचारणार तोच ती म्हणाली, ‘‘आंघोळ राहिलीय ना तुमची? पाणी काढलंय.’’

बंबाशेजारी एक नवा तांब्या होता. अमृतप्पाच्या हातचा, जाड काठाचा. उचलला तर त्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं. मी सवयीनं मोठ्यानं वाचायला लागलो आणि पुढचं मनातल्या मनात वाचलं. ‘सौ. अन्नपूर्णा हिस बंडोपंत याजकडून. कल्याणी.’ आणि त्याखाली बारीक अक्षरात, ‘करोडगिरी भरली.’

‘‘अगं, कल्याणीत घेतलेल्या तांब्याला करोडगिरी नसते,’’ मी आतूनच म्हणालो.

‘‘तुम्ही भरताय ना महिन्याच्या महिन्याला?’’ ती बाहेरून म्हणाली. ‘‘मग कुठंतरी लिहायला नको? आणि परत साहेब आले तर वाचायला तुमचंही एक असावं.’’

पैसे तिच्या भावाचे, मोती तिचा, आणि नाव माझं. मला इतकी लाज वाटली आणि इतकं बरं वाटलं की मी बराच वेळ तो तांब्या हातात धरून पाटावर बसून राहिलो. मग तोटी सोडली, तांब्या भरला आणि डोक्यावर घेतला. पाणी कोमट होतं. आप्पाराव खरं बोलला होता.

कपात श्रावणात संपेल. त्यानंतर मोती घ्यायचं मी ठरवलं आहे, कल्याणीतच. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. भिंतीपलीकडे ऐकू गेलं तर आप्पाराव सल्ला द्यायला येईल.